पाखराला कळते ते कृषिखात्याला का कळत नाही?



कपाशीवर बोंडअळी आली की तीन माणसे बांधावर येतात. पहिला औषधाची बाटली घेऊन येतो. दुसरा पंचनाम्याचा कागद घेऊन येतो. तिसरा रिकाम्या हाताने येतो आणि सांगतो, "चूक तुमचीच आहे, तुम्ही नॉन-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत." ज्या पाखराने अंडे घातले त्याच्याबद्दल मात्र तिघांपैकी एकही बोलत नाही. ते पाखरू याच झाडावर का बसले, शेजारच्या तुरीवर का नाही, ऑगस्टमध्येच का आले, हे प्रश्न कोणी विचारत नाही. खरे तर सगळा हिशोब याच प्रश्नांत आहे. ज्या अळीने घर बुडवले तिची जागा तिच्या आईने ठरवली होती. आई कशी ठरवते हे ज्याला कळले त्याला अर्धी बाटली कमी लागते. बाटलीवाला हे सांगणार नाही, कारण या माहितीचे पाकीट करून विकता येत नाही. पण जे खाते आपल्या करातून चालते त्याने तरी सांगायला नको का?

आईची निवड

बांधावरच्या रुईकडे पाहा. तिच्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी दिसेल. ती शेजारच्या ज्वारीवर कधी सापडत नाही. एरंडीवरच्या फुलपाखराची अळी लिंबावर मिळत नाही आणि लिंबावरची अळी एरंडीवर मिळत नाही. अंड्यातून निघालेली अळी सुईच्या टोकाएवढी असते. चालत दुसऱ्या झाडावर जाऊन पोट भरण्याची तिची ताकद नसते. आईने जिथे ठेवले तिथेच जगायचे किंवा मरायचे. म्हणून निवड आईला करावी लागते.

ती कशी करते? लांबून रंग, आकार आणि वास यांवरून झाड हेरते. मिशांनी वास घेते. जवळ आल्यावर पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी पान खरवडल्यासारखे थापटते. फुलपाखराची चव पायात असते. पानाच्या अंगावरचा रस पायाला लागला की हेच झाड की दुसरे, ते तिला कळते. खूण पटली तर अंडे घालते, नाहीतर उडून जाते. काही जातींची मादी पानावर आधीच दुसरीची अंडी असली तरी पुढे जाते, कारण एका ताटात दोघींची लेकरे जेवणार नाहीत.

ही पुराणातली गोष्ट नाही. १९१० साली फर्शाफेल्ट या डच शास्त्रज्ञाने दाखवले की मोहरी वर्गातल्या झाडांतला तिखट पदार्थ दुसऱ्याच पानांना चोपडला तर कोबीवरची अळी ती पानेही खाते. पुढे असेही दिसले की तोच पदार्थ लावलेल्या कागदावर कोबीचे पांढरे फुलपाखरू अंडी घालते. म्हणजे आई झाड ओळखते ते खुणेवरून. त्या खुणेमागे आत काय आहे ते तिला दिसत नाही.

आणि खूण चुकली की आईसुद्धा फसते. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या एका मोहरीवर्गीय तणावर तिथले एक रानफुलपाखरू अंडी घालते आणि त्याच्या अळ्या त्या तणावर मरतात. वास ओळखीचा आणि रस मात्र मारणारा. ही गोष्ट लक्षात ठेवा. पाखराला फसवता येते, आणि शेतकऱ्याच्या हातातले सर्वात स्वस्त औषध हेच आहे.

ज्वारीचा पोंगा का मरतो

हा नियम फुलपाखरापुरता नाही. आपल्या शेताची नासाडी करणारी बहुतेक पाखरे रात्री उडणारे पतंग आहेत. त्यांची रीत तीच. एवढेच काय, ज्वारीची खोडमाशी ही माशी आहे, तरी तिचीही रीत तीच.

खोडमाशीला उगवून एक ते चार आठवड्यांची कोवळी ज्वारी लागते. पानाच्या खालच्या बाजूला ती एकेक पांढरे अंडे घालते, अळी पोंग्यात शिरते आणि पोंगेमर होते. पहिल्या पावसाबरोबर पेरलेली ज्वारी माशीची संख्या वाढायच्या आत पोटरीकडे निघून जाते. उशिरा पेरलेली नेमकी माशीच्या तोंडी सापडते. तसेच रोप लहान असताना ज्याचे पान चकचकीत असते त्यावर ही माशी कमी अंडी घालते. आपल्या मालदांडीच्या पानाची ती चकाकी फुकटची नाही. आपल्या आजोबांनी कणसे निवडता निवडता ती राखली. माशीला आवडेल असे पान आणि न आवडेल असे पान यांतला फरक त्यांनी पुस्तक न वाचता ओळखला होता.

कपाशीत उलटा पेच आहे. पानावर दाट लव असेल तर तुडतुडे कमी लागतात. पण हिरव्या बोंडअळीच्या मादीला लवेचे पान अंडी चिकटवायला जास्त पसंत असते. गुळगुळीत पान दिले तर तिची अंडी कमी होतात आणि तुडतुडे वाढतात. सर्व किडींना एकाच वेळी नको असेल असे झाड नाही. म्हणून "हे एकच बियाणे लावा, सगळे भागेल" असे जो म्हणतो तो एकतर अडाणी आहे किंवा विक्रेता आहे.

दोन बोंडअळ्या आणि एक मोठा पुरावा

आता मुद्द्यावर येऊ. कपाशीला दोन मोठ्या वैरिणी. एक हिरवी बोंडअळी, दुसरी शेंदरी म्हणजे गुलाबी.

हिरवीची आई खादाड कुळातली. आपल्या देशात तिची दीडशेहून जास्त खाद्यझाडे नोंदलेली आहेत. कपाशी, तूर, हरभरा, टोमॅटो, सूर्यफूल, ज्वारीचे कणीस, झेंडू, सगळे चालते. तिची एक खोड म्हणजे झाड फुलावर असले पाहिजे. शेतात जे फुलावर असेल तिकडे ती वळते.

शेंदरीची आई तशी नाही. तिला कपाशी पाहिजे. फार तर भेंडी, अंबाडी यांसारखी कपाशीची भावकी. तूर तिच्या कामाची नाही, हरभरा नाही, ज्वारी नाही. आधी पात्या-फुलांजवळ आणि मग साधारण दोन-तीन आठवड्यांच्या हिरव्या बोंडाच्या देठापाशी, पाकळीच्या आडोशाला ती रात्री अंडी घालते. अळी निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि भोक बुजून जाते. वरून फवारा किंवा आंघोळ घाला, ती आत सरकी खात बसलेली असते.

आता हिशोब मांडा. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. हिरवीवर बीटीचा जोर बऱ्याच अंशी टिकला. ते कोणी नाकारू नये. त्या अळीसाठी करावी लागणारी फवारणी कमी झाली हे आपण डोळ्यांनी पाहिले. शेंदरी मात्र उलटली. २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केले की गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला शेंदरी दाद देत नाही. त्यानंतर चार-पाच वर्षांत दुसऱ्या जनुकाचेही तेच झाले. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडून पाहिली तर आत अळी आणि कवडी.

बियाणे तेच. शेतकरी तेच. बांध तोच. नॉन-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत त्या दोन्ही अळ्यांसाठी लावल्या नाहीत. मग एक अळी उलटली आणि दुसरी बरीचशी आटोक्यात राहिली, हे कसे? शेतकऱ्याची चूक हेच कारण असते तर दोघी बरोबरच उलटायला पाहिजे होत्या!

उत्तर आईच्या निवडीत आहे. बीटीच्या झाडात विष आहे की नाही हे मादीला पायाने कळत नाही. बीटी आणि नॉन-बीटी दोन्हींवर ती सारखीच बसते. फरक पडतो तो अळ्यांत. बीटीवर बहुतेक मरतात, एखादी चिवट जगते. बिनविषाच्या झाडावर साध्या अळ्या जगतात. त्यांची पाखरे त्या एखाद्या चिवट पाखराशी जोडी जमवतात आणि पुढची पिढी बहुतांशी पुन्हा साधी निघते. हिरवीला ही बिनविषाची झाडे आपल्या शिवारात फुकट मिळाली. तूर होती, हरभरा होता, ज्वारी होती. शेंदरीला कपाशीशिवाय ठाव नव्हता आणि कपाशी तर जवळजवळ सगळीच बीटी. साधे पाखरू जन्मायलाच जागा उरली नाही. चिवटाला जोडीदार मिळाला तोही चिवटच.

हे २००२ मध्ये माहीत नव्हते असे कोणी म्हणू नये. शेंदरी कोणत्या झाडावर अंडे घालते हे कापसाच्या शास्त्रज्ञांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

मालमत्ता त्यांची, भांडवल आमचे

नियम काय होता? बीटीभोवती नॉन-बीटीच्या पाच ओळी, किंवा क्षेत्राच्या २० टक्के. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट. ते पाकीट कशाचे आहे हे किती दुकानदारांनी समजावले? पुष्कळांनी ते बाजूला टाकले, हे खरे. का टाकले तेही खरे सांगू. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू माणसाला सांगितले की इतक्या ओळी अळीला खायला सोड. त्यातून जो फायदा व्हायचा तो साऱ्या तालुक्याचा आणि बियाणे विकणाऱ्याचा, कारण त्याच्या बियाण्याचा गुण टिकणार. तोटा मात्र एकट्या त्याचा. त्या ओळींच्या कापसाचे पैसे कोणी दिले? कोणीच नाही. कारखानदाराला असे सांगून पाहा, की पाचवा भाग यंत्रे बंद ठेव म्हणजे यंत्र विकणाऱ्याचा धंदा टिकेल. तो दुसऱ्या दिवशी कोर्टात जाईल.

शिवाय पाकिटातली कपाशी मुख्य कपाशीबरोबर फुलावर यायला हवी. ती पुढे-मागे फुलली तर साधे पाखरू आणि चिवट पाखरू एका वेळी हवेत नसतात. मग लग्न लागणार कसे? त्या पाकिटातले बियाणे हलके निघाल्याच्या, वेगळ्या मुदतीचे निघाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. काही ठिकाणी नॉन-बीटीच्या जागी तूर चालेल असेही धोरण झाले. हिरवीसाठी ते ठीक. पण शेंदरी तुरीवर अंडे घालत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याने हे लिहिलेच कसे?

आता नॉन-बीटी त्याच पाकिटात मिसळून देतात. शेंदरीपुरते हे चूक नाही, कारण तिची अळी बोंड सोडून झाडाझाडांवर हिंडत नाही. पण हा शहाणपणा गुण गेल्यावर आला. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप!

आणखी एक दोष कोणी आपल्या माथी मारू शकत नाही. शेकडो संकरित वाणांना परवानगी दिली कोणी? एका गावात कोणाची कपाशी जुलैअखेर फुलावर, कोणाची सप्टेंबरात, कोणाची जानेवारीतही हिरवी. अंडे घालायला कुठे ना कुठे हिरवे बोंड तयारच. शेंदरीच्या पाखराचे आयुष्य एक-दोन आठवड्यांचे. त्या मुदतीत फुल-बोंड सापडले नाही तर ते अंडी न जगवताच मरते. आपण त्याला बारमाही खानावळ उघडून दिली, आणि त्या खानावळीचा परवाना सरकारी आहे.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली? २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक माणसे मेली आणि शेकडो दवाखान्यात गेली. त्यांत शेतकरी होते आणि रोजाने फवारणारे मजूर होते. डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत शिरून त्यांनी फवारले. ज्या अळीसाठी फवारा मारतात ती बोंडात बसल्यावर फवारा लागत नाही, एवढे तरी त्यांना कोणी सांगायला हवे होते.

दुसऱ्यांनी काय केले

केनियात बाहेरून शिरलेला एक खोडकिडा मक्याला आणि ज्वारीला खात होता. तो आपल्या ज्वारीचाच खोडकिडा, आशियातून तिकडे गेलेला. तिथल्या कीटकशास्त्र केंद्रात झेयाउर खान आणि इंग्लंडचे जॉन पिकेट यांनी १९९० च्या दशकात पाखराची निवड तपासली. त्यांना दिसले की खोडकिड्याची मादी मक्यापेक्षा नेपियर गवतावर अंडी घालणे पसंत करते. त्या गवताचा चिकट रस अळ्यांना धरतो आणि बहुतेक अळ्या तिथेच मरतात. मग शेताभोवती नेपियर लावले. ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वेल लावली, तिचा वास मादीला नकोसा. आतून हाकलायचे आणि बाहेरून बोलवायचे. त्या वेलीच्या मुळांमुळे टारफुलाही दबला. ज्वारीवाल्याला टारफुला म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. गवत आणि वेल जनावरांच्या पोटात गेली. औषधाचा थेंब नाही. पूर्व आफ्रिकेत लाखावर लहान शेतकऱ्यांनी ही पद्धत घेतली.

अमेरिकेत ऍरिझोनाकडच्या कापूस पट्ट्यात शेंदरीच होती. तिथे नॉन-बीटीचे क्षेत्र खरोखर राखले गेले, आणि २००६ पासून वांझ केलेली शेंदरीची पाखरे विमानातून अब्जावधींनी सोडली, म्हणजे चिवट पाखराला जोडीदार मिळेल पण लेकरे होणार नाहीत. शेतकऱ्यांच्या संस्था आणि सरकार यांनी खर्च वाटून घेतला. २०१८ मध्ये त्या देशाने आपला कापूस पट्टा शेंदरीमुक्त जाहीर केला. तिथे विमान, इथे १२० ग्रॅमचे पाकीट!

आपल्याकडेही अक्कल कमी नाही. बंगळुरूच्या फळ-भाजी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या १६ ओळींना झेंडूची एक ओळ ही रीत बसवली. झेंडूचे रोप ४० दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि हिरवीची मादी झेंडूकडे वळते. किती साधे आहे! पण हे ज्ञान कोरडवाहू कपाशी-ज्वारीच्या शिवारात पोचवायला मात्र माणूस नाही. बाटली पोचवायला गावागावात दुकान आहे.

आपल्या बाजूचे काम

सरकारला बोल लावून अंडी कमी होत नाहीत. जे आपल्या हातात आहे ते आपण करू, आणि ते गावाने मिळून करू, कारण पाखरू सातबारा पाहून उडत नाही.

गावाची कपाशी शक्य तितकी एका पावसावर, आठ-दहा दिवसांच्या आत पडावी. मेमधली धूळपेरणी किंवा ओलिताची आगाप कपाशी म्हणजे पहिल्या पाखरांना आवतण. कोरडवाहूत पाऊस आपल्या हातात नाही हे मान्य, पण वाण हातात आहे. कमी मुदतीचा, डिसेंबरअखेर आटोपणारा वाण गावाने ठरवावा.

फरदड ठेवू नये. जानेवारी-फेब्रुवारीतल्या चार वेचण्यांच्या लोभाने पुढच्या वर्षीची शेंदरी आपण घरात पाळतो. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या की अळी सरकीत झोपून पावसाची वाट पाहते.

दर हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून रोज मोजावे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ नरपाखरे आली, किंवा २० हिरवी बोंडे फोडली आणि दोनांत अळी दिसली, तर औषधाचा विचार करावा. त्याआधी नाही. दुकानदाराच्या कॅलेंडरवर फवारू नये. डोमकळ्या दिसल्या की तोडून जाळाव्या.

तूर, ज्वारी, मूग, अंबाडी यांच्या ओळी म्हणजे मागासलेपण, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. तूर-ज्वारीने हिरवीला पांगवले. मात्र अंबाडी आणि भेंडी या शेंदरीच्याही आवडीच्या आहेत. त्या लावल्या तर नजर ठेवा, नाहीतर सापळा म्हणून लावलेले पीक पाळणाघर होते. एरंडीच्या चार झाडांवर तंबाखूच्या अळीचे अंडीपुंज दिसतात, ते पान तोडून नष्ट करणे कोणत्याही बाटलीपेक्षा स्वस्त आहे.

जिल्हा बैठकीत मांडायचे ठराव

एक. यापुढे कोणतेही कीडरोधक बियाणे परवानगीला आले की त्या किडीची मादी आपल्या जिल्ह्यात कोणकोणत्या झाडांवर अंडी घालते याचा तक्ता आधी मराठीत जाहीर करावा. बिनविषाचा आसरा कोणता, हे त्यात स्पष्ट असावे.

दोन. आसऱ्याच्या ओळी सार्वजनिक हितासाठी असतील तर त्यांची नुकसानभरपाई बियाण्याच्या किमतीतून द्यावी. फुकटची देशसेवा कोरडवाहू शेतकऱ्याकडून घेऊ नये.

तीन. कमी मुदतीचे सरळ वाण, अकोल्याच्या विद्यापीठाचा रजत, नागपूरच्या संस्थेचा सुरज, आणि असे इतर वाण यांचे बियाणे पेरणीपूर्वी तालुक्यात पुरेसे मिळावे. सरळ वाणाचे बियाणे घरी राखता येते, हे सांगण्याची लाज कोणाला वाटू नये.

चार. जिनिंगच्या आवारात सरकीतून निघणारी पाखरे पकडण्यासाठी सापळे सक्तीचे करावे. आमच्या पऱ्हाट्यांचा पंचनामा होतो, तर सरकीच्या ढिगाचाही व्हावा.

पाच. केनियातली हाकलून-बोलावण्याची पद्धत आपल्या ज्वारी पट्ट्यात, आपल्या गवतांवर, शेतकऱ्याच्या शेतात तपासून तिचा निकाल छापावा. चांगला आला तरी छापावा, वाईट आला तरी छापावा.

या पाचांत कर्जमाफी मागितलेली नाही, दान मागितलेले नाही. एक मुंगीएवढ्या डोक्याचे पाखरू अंडे घालण्याआधी पान तपासते. परवान्यावर सही करण्याआधी साहेबांनी तेवढे तरी तपासावे, इतकेच मागणे आहे.